लाळग्रंथीची गाठ: तपासणी, ऑपरेशन, रेडिएशन आणि ‘किती टक्के’ याचा हिशोब

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कडेला किंवा टाळूवर न दुखणारी गाठ येते, सुईच्या तपासणीत ‘कार्सिनोमा’ असं लिहून येतं आणि घरातला पहिला प्रश्न असतो, ‘किती टक्के?’, म्हणजे जगण्याची आशा किती. मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी ९५ टक्के दिसतं, दुसरीकडे ४०. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते वेगवेगळ्या आजारांचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात लाळग्रंथींच्या कॅन्सरचे वीसहून जास्त प्रकार आहेत. त्यातला एखादा नुसत्या ऑपरेशनने बरा होतो, एखादा दहा-पंधरा वर्षांनी फुप्फुसात डोकं वर काढतो, तर एखादा निदान होईपर्यंत मानेतल्या गाठींमध्ये पोचलेला असतो. म्हणून टक्के विचारण्याआधी आजाराचं पूर्ण नाव पक्कं करायचं आणि मग पहिलं ऑपरेशन नीट करून घ्यायचं. पुढचं बहुतेक सगळं या दोन गोष्टींवर ठरतं, म्हणून खाली याच दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

गाठ कुठे आहे?

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू आणि घशाच्या अस्तरात मिळून ६०० ते १००० बारीक ग्रंथी असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडमधल्या गाठींपैकी साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के साध्या निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्यावर येतं. जिभेखालच्या ग्रंथीत मात्र बहुतेक गाठी कॅन्सरच्याच असतात.

जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं, दुखतं आणि तासाभरात उतरतं, हा प्रकार बहुधा नळीत अडकलेल्या खड्याचा. कॅन्सरची गाठ जेवणाच्या वेळा पाळत नाही. ती आहे तिथेच राहते आणि हळूहळू वाढते.

उशीर होतो तो ठरावीक तीन ठिकाणी. टाळूच्या मागच्या भागातली न दुखणारी गाठ दाढेचा गळू समजून चीर दिली जाते. पू येत नाही, तरी प्रतिजैविकांचा आणखी एक कोर्स होतो. कानाखालची गाठ ‘टीबीची असेल’ म्हणून सुईची तपासणी न करताच टीबीची औषधं सुरू होतात आणि सहा महिने जातात. तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. तोंड वाकडं होतं, ‘बेल्स पाल्सी’ (चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लकवा) म्हणून स्टेरॉइड दिली जातात आणि पुढे कुणी पाहत नाही. बेल्स पाल्सीत तोंड एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत व्हायचं तेवढं वाकडं होतं आणि पुढच्या काही आठवड्यांत सुधारू लागते. तोंड हळूहळू आठवड्यागणिक वाकडं होत असेल, तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा नसेल किंवा त्याच बाजूला गाठ हाताला लागत असेल, तर पॅरोटिडचा एमआरआय झालाच पाहिजे.

तोंड वाकडं होणं, गाठीवरची कातडी घट्ट चिकटणं, गालाला किंवा जिभेला मुंग्या येणं, तोंड कमी उघडणं, मानेत दुसरी गाठ येणं यातलं एक जरी असलं तरी सरळ हेड-नेक कॅन्सर सर्जनकडे जा. साध्या गाठीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे आधी गेलात तरी चालतं.

तपासण्यांचा क्रम

सोनोग्राफी पहिली. स्वस्त आहे, पुण्यात कुठल्याही उपनगरात होते आणि गाठ ग्रंथीत आहे की शेजारच्या लसिकाग्रंथीत, हे त्यात कळतं. त्यानंतर सुईची तपासणी म्हणजे एफएनएसी, शक्यतो सोनोग्राफीत पाहत पाहत केलेली. सुई लावली की कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी ऐकू येते. या बारीक सुईबाबत ती धरून बसू नका. खरी भीती चीर देऊन तुकडा काढण्याची. पॅरोटिडच्या गाठीवर अशी उघडी बायोप्सी केली तर गाठीचं आवरण फुटून पेशी आजूबाजूला सांडतात आणि चेहऱ्याची नस दुखावू शकते. एफएनएसीत पुरेसं मिळालं नाही तर जाड सुईची, म्हणजे कोअर बायोप्सी करावी. टाळूवरच्या किंवा ओठाच्या आतल्या गाठीचा मात्र तोंडातून थेट तुकडा घेता येतो.

एफएनएसीच्या रिपोर्टवर ‘मिलान’ (लाळग्रंथीच्या सुईच्या रिपोर्टची ठरलेली वर्गवारी) आणि रोमन आकडा लिहिलेला असेल. तो असा वाचायचा: एक म्हणजे नमुना अपुरा, परत करा. दोन म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग, गाठ नव्हे. तीन म्हणजे नक्की सांगता येत नाही. चार-अ म्हणजे साधी गाठ. चार-ब म्हणजे गाठ आहे, पण साधी की कॅन्सरची ते सुईवरून ठरत नाही. यातल्या साधारण तिघांपैकी एकात पुढे कॅन्सर निघतो. पाच म्हणजे दाट संशय, सहा म्हणजे कॅन्सर. ‘एक’ आला की पुष्कळ जण ‘काही निघालं नाही’ असं समजून घरी बसतात. काही निघालं नाही, कारण काही पाहायलाच मिळालं नाही. एफएनएसी कॅन्सर आहे की नाही हे बऱ्यापैकी सांगते. प्रकार आणि ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात (लो म्हणजे कमी, हाय म्हणजे जास्त), हे सांगण्यात ती कच्ची आहे. त्यामुळे सुईच्या रिपोर्टवरून टक्के काढत बसू नका.

कॅन्सर किंवा दाट संशय आला की कॉन्ट्रास्टसह एमआरआय. चिठ्ठीवर नुसतं ‘नेक’ लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना विचारून ‘कवटीच्या तळासह’ असं लिहून घ्या. या कॅन्सरना, विशेषतः अॅडेनॉइड सिस्टिक या प्रकाराला, नसेच्या कडेकडेने वर सरकायची खोड असते. तो भाग स्कॅनमध्येच आला नाही तर ऑपरेशनचा आणि रेडिएशनचा नकाशाच अपुरा राहतो. जाण्याआधी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट काढून ठेवा. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल तर नोंदणी करतानाच सांगा. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना फिल्मवर जे दिसत नाही ते सीडीवर दिसतं. छातीचा सीटी स्कॅन बहुतेक सगळ्यांना लागतो, कारण दूर पसरायची वेळ आली तर पहिला नंबर फुप्फुसांचा. पेट स्कॅन हाय ग्रेड किंवा पुढच्या टप्प्यातल्या आजारात उपयोगी पडतो, प्रत्येकाला लागतो असं नाही.

ऑपरेशनच्या आधी काय विचारायचं

या कॅन्सरवर मुख्य उपचार ऑपरेशनच. गाठ पॅरोटिडच्या वरच्या भागात, लहान आणि लो ग्रेड असेल तर वरचा भाग काढून भागतं. हाय ग्रेड, मोठी किंवा खोल असेल तर पूर्ण ग्रंथी काढावी लागते. गाठ तेवढी सोलून काढणं हे साध्या गाठीतही चुकीचं. प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा ही सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ अशी सोलली की वर्षांनंतर त्याच जागी दाणे-दाणे होऊन परत येते आणि दुसऱ्या खेपेला नस वाचवणं फार अवघड होतं. ही गाठ तशीच ठेवली तरी तिच्यात कॅन्सर होण्याची शक्यता वर्षांबरोबर वाढत जाते. पंधरा वर्षांपुढे ती साधारण दहा टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. ‘दुखत नाही, राहू दे’ हा हिशोब इथे महाग पडतो.

चेहऱ्याची नस पॅरोटिडच्या मधोमध जाते आणि तिच्या पाच मुख्य फांद्या होतात. सर्वमान्य नियम असा: ऑपरेशनआधी चेहरा नीट हलत असेल तर नस राखायची, थोडीशी गाठ तिला चिकटून राहिली तरी रेडिएशनचा आधार असतो. तोंड आधीच वाकडं झालं असेल आणि नस गाठीत पूर्ण गुंतली असेल, तर ती कापावी लागते. मग त्याच वेळी कानाजवळची किंवा पायाची नस घेऊन जोड द्यायचा. हा जोड पहिल्याच ऑपरेशनमध्ये झाला तर हालचाल परत येण्याची आशा राहते, आणि तीसुद्धा यायला सहा महिने ते वर्षभर लागतं.

म्हणून सर्जनना हे प्रश्न विचारा. विचारल्याने कुणी रागावत नाही, रागावलं तर तेही एक उत्तरच आहे.

– वर्षाला पॅरोटिडची किती ऑपरेशन करता? त्यात कॅन्सरची किती?
– नस कापावी लागली तर जोड कोण देणार? प्लास्टिक सर्जन त्या दिवशी हजर असतील का?
– ऑपरेशनमध्ये नस तपासणारं मॉनिटर वापरणार का?
– मानेतल्या लसिकाग्रंथी काढणार का, आणि कशासाठी?

शेवटच्या प्रश्नाचं साधारण उत्तर असं: मानेत गाठी दिसत असतील तर काढायच्याच. दिसत नसतील, पण कॅन्सर हाय ग्रेड किंवा चार सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल, तरी काढाव्यात असाच बहुतेकांचा सल्ला असतो. लहान लो ग्रेड गाठीत मान उघडायची सहसा गरज नसते.

ऑपरेशन टेबलवर तुकडा गोठवून केलेली झटपट तपासणी, म्हणजे फ्रोझन सेक्शन, ही मदतनीस आहे, निर्णय देणारी नाही. नुसत्या फ्रोझनच्या भरवशावर चालती नस कापली जाऊ नये.

ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे

जखमेत नळी असते. चोवीस तासांत साधारण २० ते ३० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आला की ती काढतात. घरी नळीसकट सोडलं असेल तर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. जेवताना जखमेतून पाण्यासारखा पातळ द्रव आला तर ती लाळ आहे. ग्रंथीचा उरलेला भाग काम करतोय, एवढाच त्याचा अर्थ. दाबपट्टी आणि काही दिवस आंबट-तिखट बंद, यावर ते बहुतेक वेळा थांबतं. कानाच्या पाळीचा बधिरपणा बराच काळ, कधी कायम राहतो. दाढी करताना आणि कानातलं घालताना जपावं लागतं, कारण कापलेलं कळत नाही.

नस राखली तरी पहिले काही आठवडे तोंड थोडं वाकडं राहतं. ताणलेली नस बहुतेकांत तीन ते सहा महिन्यांत सावरते. या काळात खरं जपायचं ते डोळ्याला. पापणी पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं, त्यावर जखम होते आणि दृष्टी जाऊ शकते. दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम. मलम घातल्यावर वरची पापणी बोटाने खाली ओढून मिटायची आणि मग कागदी चिकटपट्टी आडवी लावायची. उघड्या डोळ्यावर कापूस ठेवून वर पट्टी लावू नका. पापणी पट्टीखाली उघडते आणि कापूस बुबुळावर घासत राहतो. दुचाकीवर मागे बसून जायची वेळ आली तरी बाजूने बंद असलेला गॉगल हवाच. मेट्रोच्या आणि उड्डाणपुलांच्या कामांची धूळ अशा डोळ्याला सोसत नाही. डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ.

काही महिन्यांनी जेवताना त्या गालावर घाम येऊ लागतो. नसांच्या बारीक टोकांची चुकीची जुळणी झाल्याने हे होतं. आजार परत आल्याची ती खूण नव्हे. फार त्रास असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनने काही महिने थांबतो.

हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट

ऑपरेशननंतर येणारा हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. त्यात आठ गोष्टी शोधा: प्रकार, ग्रेड, गाठीचा आकार, मार्जिन म्हणजे कडा मोकळ्या आहेत का आणि किती मिलिमीटरने, नसेभोवती पसरण, रक्तवाहिन्यांत शिरकाव, ग्रंथीच्या बाहेर पसरण, आणि किती लसिकाग्रंथी काढल्या व त्यातल्या किती बाधित निघाल्या. यातली एखादी नोंद नसेल तर सर्जनमार्फत पॅथॉलॉजिस्टना विचारता येतं. पुरवणी रिपोर्ट मिळतो. मार्जिनबद्दल एक लक्षात घ्या. नस राखलेल्या ऑपरेशनमध्ये नसेच्या बाजूची कड एखाद्या मिलिमीटरचीच असू शकते. ते सर्जनचं अपयश मानू नका. रेडिएशन द्यायचं का हे ठरवताना मात्र ती नोंद धरली जाते.

हा कॅन्सर दुर्मीळ आहे. लाखात साधारण एकाला वर्षाला होतो आणि डोक्या-मानेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा पाच-सहा टक्क्यांहून जास्त नाही. त्यामुळे रोज तोंडाचे कॅन्सर पाहणाऱ्या चांगल्या पॅथॉलॉजिस्टकडेही याचे नमुने कमीच येतात, आणि प्रकार एकमेकांसारखे दिसतात. म्हणून दुसरं मत स्लाइड पाहून घ्यायचं, नुसता रिपोर्ट दाखवून नाही. लॅबमध्ये अर्ज देऊन स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागा. ब्लॉकवर नंबर असतो, तो रिपोर्टवरच्या नंबरशी तिथेच जुळवून बघा. परेलच्या टाटा मेमोरियलमध्ये ते पुन्हा तपासून मिळतात. ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका; पॅराफिन साठ अंशांच्या आतच वितळतं. डबीत कापसात गुंडाळून अंगाजवळच्या पिशवीत न्या आणि कुरिअरने पाठवणं शक्यतो टाळा, कारण ब्लॉक हरवला तर परत मिळणारा नमुना नाही.

अॅडेनॉइड सिस्टिक असेल तर ‘सॉलिड’ भाग किती टक्के, हे विचारा. तो ३० टक्क्यांच्या वर असेल तर आजार जास्त आक्रमक. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा असेल तर एआर (पुरुष संप्रेरकाचा ग्राहक) आणि हर-२ (पेशींच्या वाढीला चालना देणारं प्रथिन) या दोन चाचण्या करून घ्या. त्यातून पुढच्या औषधांचा रस्ता ठरतो. सिक्रेटरी कार्सिनोमामध्ये एनटीआरके जनुकाची जोड सापडते.

रेडिएशन कुणाला, कसं

लहान, लो ग्रेड, कडा मोकळ्या, नस आणि गाठी स्वच्छ: अशा रुग्णाला नुसत्या ऑपरेशनवर थांबता येतं. ‘खबरदारी म्हणून’ शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायची गरज नसते. हाय ग्रेड, टप्पा तीन-चार, कडेला पेशी, नसेभोवती पसरण, रक्तवाहिन्यांत शिरकाव किंवा मानेत बाधित गाठी, यातलं काही असेल तर रेडिएशन सुचवलं जातं. अॅडेनॉइड सिस्टिकला जवळजवळ नेहमीच.

मात्रा साधारण ६० ते ६६ ग्रे (रेडिएशनचं माप), रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ३० ते ३३ वेळा, सहा-साडेसहा आठवडे. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांच्या आत ते सुरू व्हायला हवं. डोकं स्थिर धरणारा मास्क बनवणं, प्लॅनिंगचा सीटी आणि आराखडा यात एक-दोन आठवडे जातात, म्हणून टाके काढायला जाल तेव्हाच रेडिएशन विभागात नाव घाला. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आल्यावर बघू म्हणून थांबलं की आठ आठवडे असेच उलटतात. रेडिएशनसोबत केमो सगळ्यांना सरसकट द्यावी, असा भक्कम पुरावा नाही. सुचवली तर का, ते विचारा. प्रोटॉन थेरपी (प्रोटॉन कणांचं रेडिएशन) खारघरच्या टाटा केंद्रात आहे. कवटीच्या तळाशी चिकटलेल्या आजारात तिचा विचार होतो; बाकीच्यांचं काम पुण्यात मिळणाऱ्या आयएमआरटीने (संगणकाच्या मदतीने नेमक्या जागी दिलेलं रेडिएशन) होतं.

मास्कच्या आधी दंतवैद्य. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. हलणारे, किडलेले, मुळाशी पू असलेले दात रेडिएशनच्या निदान दोन, शक्यतो तीन आठवडे आधी काढून हिरडी भरू द्यायची. नंतर त्या भागातला दात काढला तर जबड्याचं हाड मरण्याचा धोका असतो, आणि तो आयुष्यभर राहतो. दहा वर्षांनीही दात दुखला तर दंतवैद्याला आधी सांगायचं: ‘या बाजूला रेडिएशन झालंय.’ पुण्यात दंत महाविद्यालयांच्या दवाखान्यांत हे काम कमी खर्चात होतं. फ्लोराइडची जेल रोज रात्री, मंजनाच्या आणि मिश्रीच्या जागी मऊ ब्रश.

तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, चव जाते. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा घालून दिवसातून सात-आठ वेळा गुळण्या. अल्कोहोल असलेले तयार माउथवॉश नकोत. मुगाची पातळ खिचडी, आंबील, नाचणीचं सत्त्व, दूध, मऊ अंडं. ठेचा, लोणचं आणि कोरडी भाकरी महिनाभर बाजूला. आठवड्याला एकदा एकाच काट्यावर वजन करा. झपाट्याने उतरलं तर मास्क सैल होतो आणि नेम चुकायला लागतो, म्हणून डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून. तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. दोनच जायला लागली तर आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत करून दाढांमध्ये धरा आणि दर दोन-तीन दिवसांनी एक काडी वाढवा. रेडिएशन संपलं म्हणून हा व्यायाम सोडू नका. आखडणं नंतरच्या महिन्यांत जास्त होतं.

आता टक्के

अमेरिकेच्या कॅन्सर नोंदणीत सगळे प्रकार मिळून पाच वर्षांचं जगण्याचं प्रमाण साधारण चारांत तीन असं आहे. आजार ग्रंथीपुरता असताना सापडला तर ९० टक्क्यांच्या वर, शेजारी किंवा मानेच्या गाठींत पोचला असेल तर साधारण दोन तृतीयांश, दूर पसरलेला असेल तर ३५ ते ४५ टक्के. हे ‘सापेक्ष’ प्रमाण आहे, म्हणजे त्याच वयाच्या बाकीच्या लोकांशी तुलना करून काढलेलं. आणि ते काही वर्षांपूर्वी उपचार घेतलेल्यांचं आहे. अलीकडच्या औषधांचा परिणाम त्यात पुरता उतरलेला नाही.

प्रकारानुसार चित्र फार बदलतं. लो ग्रेड म्युकोएपिडरमॉइड आणि अॅसिनिक सेल यांत पाच वर्षांनी ९० टक्के किंवा त्याहून जास्त. हाय ग्रेड म्युकोएपिडरमॉइडमध्ये निम्म्याच्या आसपास. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमात बहुतेक अभ्यासांत त्याहून थोडं कमीच.

अॅडेनॉइड सिस्टिकमध्ये मात्र पाच वर्षांचा आकडा फसवतो. तो ७५-८० टक्के दिसतो आणि घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण दहा वर्षांनी तो साठच्या आसपास येतो आणि पंधरा वर्षांनी चाळीसच्या. दुसरी बाजूही सांगायला हवी. याच आजाराच्या फुप्फुसातल्या गाठी इतक्या सावकाश वाढू शकतात की काही जण त्यांच्यासह कित्येक वर्षं कामधंदा करत जगतात.

समजा हडपसरची ४८ वर्षांची बाई: पॅरोटिड, १.८ सेंटिमीटर, लो ग्रेड म्युकोएपिडरमॉइड, कडा मोकळ्या, मानेत काही नाही. टप्पा एक. ऑपरेशन झालं, आता तपासण्या. आणि समजा भोसरीचा ६२ वर्षांचा गृहस्थ: ४.५ सेंटिमीटर, सॅलिव्हरी डक्ट, तोंड वाकडं, मानेत अनेक बाधित गाठी. नस गेली म्हणजे गाठीचा टप्पा टी-चार-अ, पुढचा. त्याला मोठं ऑपरेशन, मानेची सफाई, रेडिएशन, आणि एआर-हर-२ चा रिपोर्ट हाताशी. दोघांच्या फाइलवर ‘पॅरोटिडचा कॅन्सर’ असंच लिहिलेलं असणार. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ‘या प्रकारात, या ग्रेडला, या टप्प्याला, कडांची ही स्थिती असताना पाच आणि दहा वर्षांनी काय दिसतं?’

दूर पसरला असेल तर

साधी केमो या कॅन्सरमध्ये थोड्यांनाच आणि थोड्या काळापुरती लागू पडते. म्हणून लक्ष्य शोधायचं. सॅलिव्हरी डक्टमध्ये बहुतेकांत एआर सापडतो. तिथे प्रोस्टेटच्या कॅन्सरला वापरतात ती पुरुष संप्रेरक रोखणारी औषधं दिली जातात. हर-२ जोरात असेल तर ट्रॅस्टुझुमॅब आणि डोसिटॅक्सेल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी अभ्यासात साधारण ७० टक्के रुग्णांत गाठी आक्रसल्या. एनटीआरके असेल तर लॅरोट्रेक्टिनिब किंवा एन्ट्रेक्टिनिब. अॅडेनॉइड सिस्टिकमध्ये लेन्व्हॅटिनिब वापरतात. गाठी लहान होणं कमी जणांत, थोपवल्या जाणं बऱ्याच जणांत, आणि रक्तदाब-थकव्याचा त्रास पुष्कळ.

फुप्फुसात बारीक गाठी आहेत, खोकला नाही, दम लागत नाही, अशा अॅडेनॉइड सिस्टिकच्या रुग्णाला ‘थांबून बघू’ असं सांगितलं तर तो हलगर्जीपणा समजू नका. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा सीटी करून वाढीचा वेग मोजायचा आणि त्यावर औषध ठरवायचं, ही मान्य पद्धत आहे. मोजक्याच गाठी असतील तर त्या काढण्याचा किंवा नेमक्या रेडिएशनचाही विचार होतो.

पैसे आणि प्रवास

दाखल होण्याच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मंजुरी आधी लागते. रेशन कार्ड, आधार, एफएनएसी किंवा बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅन सोबत हवेत. रेशन कार्डवर नाव किंवा वय चुकलं असेल तर ते आधी दुरुस्त करा, फाइल बहुधा तिथेच अडते. हेल्पलाइन १५५३८८. महागडी लक्ष्यवेधी औषधं योजनेत बसतीलच असं नाही, ते आधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात; त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि समाजसेवा विभागात अर्ज. स्टेशनजवळचं ससून हा सरकारी पर्याय आहेच. मुंबईला जावं लागलं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला एसी चेअर कार आणि सेकंड क्लासला ७५ टक्के सवलत आहे, सोबतच्या एकालाही तेवढीच; डॉक्टरांच्या सहीचा ठरलेला फॉर्म तिकीट खिडकीवर द्यायचा. परेलसाठी दादरला उतरा.

नंतरच्या तपासण्या

पहिलं वर्ष एक ते तीन महिन्यांनी, दुसरं दोन ते सहा महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, मग वर्षाला एकदा. रेडिएशननंतर साधारण तीन महिन्यांनी एक एमआरआय काढून ठेवा. पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे. मानेवर शेक झाला असेल तर सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी, कारण थायरॉइड मंदावतो आणि आलेला थकवा कॅन्सरच्या नावावर खपून जातो. अॅडेनॉइड सिस्टिकवाल्यांनी पाच वर्षं झाली म्हणून फाइल बंद करू नये. छातीचा स्कॅन पंधरा वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावा. दर वेळी जुन्या स्कॅनच्या सीडी सोबत न्या, नाहीतर चार मिलिमीटरचा ठिपका नवा की जुना हे ठरवायला आणखी तीन महिने थांबावं लागतं.